फिशिंग (ईमेलमधली फसवणूक)

बँक, कुरिअर, इन्कम टॅक्स नाहीतर ऑफिसातल्या साहेबांच्या नावाने खोटा मेल धाडून पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर काढून घेणं म्हणजे फिशिंग. मेल उघडणं-पाठवणं सगळ्यांना येतंच, अडतं ते इथे.

सुरुवात कधीची यावर एकमत नाही. 1987 मध्ये इंटरेक्स या एचपी कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या संघटनेपुढे मांडलेल्या एका निबंधात ही युक्ती वर्णिलेली आहे, म्हणून काहीजण तिथून मोजतात, पण ते कागदावरचं झालं. प्रत्यक्ष गंडवागंडवी अमेरिका ऑनलाइन (एओएल) या इंटरनेट सेवेवर साधारण 1994-95 च्या सुमारास सुरू झाली असावी, 'एओहेल' नावाचा प्रोग्रॅम वापरून पोरं कंपनीचा माणूस असल्याचा मेसेज टाकायची आणि पासवर्ड मागायची. एओहेलच्या कर्त्याने 2011 च्या लेखात 1995 चं श्रेय स्वतःकडे घेतलंय. स्वतःबद्दलचाच दावा, तेव्हा जरा जपून, तरी काळ हाच जास्त पटतो.

मेलवर हे इतकं सोपं का, तर मेल पोचवणारा एसएमटीपी नियम (जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिलेला, आरएफसी 821 या क्रमांकाचा दस्तऐवज) लिहिला तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच ठेवली नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं तसंच हे. शिवाय सर्व्हर (मेल पोचवणारे कॉम्प्युटर) एकमेकांना सांगतात तो पत्ता वेगळा आणि आपल्याला दिसणारं 'फ्रॉम' वेगळं, दोन्ही जुळलेच पाहिजेत असं काही नाही. ठिगळं नंतर आली: एसपीएफ (कुठल्या सर्व्हरला त्या डोमेनच्या, म्हणजे @ नंतरच्या पत्त्याच्या, नावाने मेल पाठवायची मुभा), डीकेआयएम (मेलवर डिजिटल सही) आणि 2012 मध्ये जाहीर झालेलं डीमार्क, जे या दोघांचा निकाल 'फ्रॉम'शी ताडून बघतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं.

पण चोराने स्वतःचंच मिळतंजुळतं डोमेन घेतलं की तो या तिन्ही परीक्षा आरामात पास होतो! म्हणून नाव न बघता पूर्ण पत्ता उघडून बघावा, आणि @ च्या पुढचा भाग शेवटाकडून वाचावा, कारण पुढे बँकेचं नाव असलं तरी मालक शेवटच्या तुकड्यांवरून ठरतो. इंग्रजी आर आणि एन चिकटून एम दिसतो तेही लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या फक्त बँकांसाठीच्या डोमेनवर यायला सांगितलं ते याचसाठी.

बाकी नेहमीचंच, 'आज केवायसी करा नाहीतर खातं बंद' असल्या मेलमधली लिंक दाबू नये, बँकेचं ॲप आपण स्वतः उघडावं, अनोळखी अटॅचमेंट उघडू नये, टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी तपासणी) चालू ठेवावं.

भारतात दिल्ली हायकोर्टाने 2005 मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या खटल्यात फिशिंग बेकायदा ठरवलं, तेव्हा त्यावर वेगळा कायदा नव्हता. आता आयटी कायद्याचं कलम 66डी लागतं, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.