ऑक्सफर्डची बुरशी आणि पिंपरीच्या टाक्या : कोव्हिशिल्डच्या आधीची गोष्ट

कोव्हिशिल्ड घेतली तेव्हा आपल्याला दोन गोष्टी माहीत होत्या, लस शोधली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीने आणि बनवली पुण्याच्या सीरमने. पण ऑक्सफर्डच्या लॅबमधून निघालेली गोष्ट पुण्याच्या आसपास मोठ्या प्रमाणावर बनायची ही काही पहिली वेळ नाही. कोव्हिशिल्डच्या पासष्ट वर्षं आधी हे एकदा होऊन गेलंय, पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, आणि ती जुनी गोष्ट माहीत नसेल तर नव्या गोष्टीतलं निम्मं कळत नाही असं माझं मत आहे. म्हणून जरा मागून सुरू करतो.

पेनिसिलिन म्हटलं की फ्लेमिंग. सप्टेंबर १९२८, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, साहेब सुट्टीवरून परत आले तर एका काचेच्या डिशमध्ये बुरशी उगवलेली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेलेले. हे आपण सगळ्यांनी शाळेत लिहून मार्क मिळवलेत. पण पुस्तकात पुढचं येत नाही, ते म्हणजे १९२९ मध्ये फ्लेमिंगचा पेपर छापून आला आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षं त्यातून औषध म्हणून काहीच निघालं नाही. त्या बुरशीचा रस टिकायचा नाही, शुद्ध करायला जावं तर हातात काही उरायचं नाही, आणि फ्लेमिंगकडे त्यासाठी लागणारे केमिस्ट नव्हते. हळूहळू तो विषय मागे पडला.

तो परत उचलला ऑक्सफर्डने. तिथल्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीचे प्रमुख १९३५ पासून हॉवर्ड फ्लोरी, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांनी बोलावून घेतलेले अर्न्स्ट चेन हे बर्लिनचे ज्यू बायोकेमिस्ट, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी म्हणजे १९३३ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले. आणि तिसरे नॉर्मन हीटली, ज्यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं आणि माझ्या मते तेच या गोष्टीतले सगळ्यात महत्त्वाचे. हे लोक काही औषध शोधायला बसले नव्हते. जंतू मारणारे नैसर्गिक पदार्थ नेमकं काय करतात एवढी उत्सुकता होती, त्यासाठी जुने पेपर चाळताना चेनना फ्लेमिंगचा पेपर सापडला, बस. युनिव्हर्सिटीतलं संशोधन खूपदा असंच सुरू होतं आणि म्हणून ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला की माझ्या पोटात गोळा येतो.

रस शुद्ध करायची अडचण सोडवली हीटलींनी. पेनिसिलिन आम्लात असताना ईथरमध्ये उतरतं, मग त्या ईथरमधून ते परत साध्या पाण्यात आणायचं, फक्त त्या पाण्याचं आम्लाचं प्रमाण बदलायचं, की घाण मागे राहते आणि औषध पुढे येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण दहा वर्षं अडलेलं गाडं यावर निघालं. २५ मे १९४० ला आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, हीटली रात्रभर लॅबमध्ये थांबून बघत राहिले, आणि पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेलेले, बाकीचे चार जिवंत. त्याच दिवसांत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघार घेत होतं. जर्मन इंग्लंडमध्ये उतरले तर सगळं नष्ट करायचं आणि बुरशी तरी वाचावी म्हणून या लोकांनी तिचे बीजाणू आपल्या कोटांच्या अस्तराला चोळून ठेवले होते.

उंदीर वाचले, पण माणूस उंदराच्या हजारो पट मोठा, त्याला लागणारं औषध आणायचं कुठून? युद्धामुळे कंपन्या दुसऱ्या कामात अडकलेल्या. मग लॅबचाच कारखाना केला. बुरशी उथळ थरात वाढते म्हणून हॉस्पिटलचे बेडपॅन आणले, ते पुरेनात म्हणून कुंभारकामाच्या कारखान्यातून त्याच आकाराची चिनी मातीची भांडी बनवून घेतली, दुधाचे कॅन, बाथटब, मिळेल ते वापरलं, आणि हे सगळं सांभाळायला काही तरुण मुली कामाला घेतल्या ज्यांना पुढे ‘पेनिसिलिन गर्ल्स’ म्हणायला लागले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस कॉन्स्टेबलला पहिल्यांदा इंजेक्शनं दिली. चेहरा, डोळे, सगळीकडे इन्फेक्शन पसरलेलं, आणि चार-पाच दिवसांत माणूस उठून जेवायला लागला. पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून परत त्यालाच दिलं तरी पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला.

हा प्रसंग वाचताना मला दरवेळी थांबायला होतं. ज्ञान होतं, औषध चालतं हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि माणूस गेला तो केवळ बनवायची सोय नव्हती म्हणून. पुढचा सगळा इतिहास हा त्या सोयीचा इतिहास आहे.

१९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी शेती संशोधन लॅबमध्ये मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी बुरशीला खायला घातलं आणि उत्पादन एकदम कितीतरी वाढलं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका बुरशी आलेल्या खरबुजावर आणखी दमदार जात मिळाली, आणि विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी तिच्यावर किरणांचा मारा करून तिची ताकद अजून वाढवली. तोपर्यंत बेडपॅन मागे पडून मोठमोठ्या उभ्या टाक्या आल्या, ज्यात खालून निर्जंतुक हवा सोडायची, आत पंखा फिरत ठेवायचा, तापमान आणि आम्ल सांभाळायचं. या टाकीला इंडस्ट्रीत सगळे फर्मेंटर म्हणतात.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना. हीटलींना नाही. १९९० मध्ये ऑक्सफर्डने त्यांना मानद डॉक्टर ऑफ मेडिसिन दिलं, डॉक्टर नसलेल्या माणसाला ती पदवी त्या युनिव्हर्सिटीने पहिल्यांदाच दिली. पन्नास वर्षं लागली.

मधे पेटंटचं सांगायला पाहिजे कारण कोव्हिशिल्डच्या वेळी हाच वाद परत आला. चेन यांचं म्हणणं होतं की पेटंट घ्या, पण तेव्हाच्या ज्येष्ठांना ते अनैतिक वाटलं आणि ऑक्सफर्डने पेटंट घेतलं नाही. पिओरियाच्या अँड्र्यू मॉयर यांनी मात्र उत्पादनाच्या पद्धतीची पेटंट घेतली आणि ब्रिटिशांना ते बरीच वर्षं बोचलं. त्यामुळे पुढच्या औषधाला ती चूक केली नाही. ‘सेफ’ या अक्षरांनी सुरू होणारी जी अँटिबायोटिक्स आपण आज खातो, सेफिक्झिम वगैरे, त्यांचं मूळ डन स्कूलच्याच एडवर्ड अब्राहम यांच्या कामात आहे, त्यांनी पेटंट घेतलं, आणि त्या रॉयल्टीतून उभ्या राहिलेल्या ट्रस्टमधून संशोधनाला पैसा मिळत राहिला. तिकडे अमेरिकेत रटगर्स युनिव्हर्सिटीत १९४३ मध्ये टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, सापडलं ते अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला, नोबेल १९५२ मध्ये एकट्या त्यांच्या गाईडला म्हणजे वॅक्समन यांना, आणि श्रेयासाठी शॅट्झना कोर्टात जावं लागलं. पीएचडी करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो दोन मिनिटं गप्प होतो.

आता पिंपरी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा पेनिसिलिन आपल्याकडे बाहेरून यायचं आणि महाग असायचं. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय डायरेक्टर साहिब सिंग सोखे, जे पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर गेले, ते सतत सांगत होते की ही औषधं देशातच बनली पाहिजेत. शेवटी युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी पिंपरीत उभी राहिली, १९५५ मध्ये पेनिसिलिन निघायला लागलं. औषध बनवणारी ही देशाची पहिली सरकारी कंपनी. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनलं. म्हणजे ऑक्सफर्डची बुरशी आणि रटगर्सचा जंतू, दोन्ही एकाच आवारात, जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला.

पिंपरीकर तिला ‘एचए’ म्हणतात. एचए कॉलनी, एचए ग्राउंड, एचएची शाळा. बसमधून जाताना मी लहानपणापासून ते गेट बघितलंय, आणि आत काय घडून गेलंय हे कळायला मला तिशी उजाडली याचं वाईट वाटतं. कारण तिथे फक्त बाहेरून शिकलेलं औषध बनत नव्हतं. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथल्या लॅबमध्ये मातीतल्या जंतूंमधून नवीन औषधं शोधत होते, आणि १९६० च्या सुमारास त्यांनी बुरशीच्या इन्फेक्शनवरचं हॅमायसिन शोधलं. नावातला ‘हॅ’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा. आणि ज्या जंतूपासून ते निघालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीच्या नावाचा जंतू जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत आहे! पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंगिनही तिथलंच. हॅमायसिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं अँफोटेरिसिन-बी, जे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी आली तेव्हा पेशंटचे नातेवाईक गावोगाव शोधत फिरत होते.

मग बाहेरून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलिन यायला लागलं, देशातल्या टाक्या एकेक बंद पडल्या, आणि १९९७ मध्ये एचए अधिकृतपणे आजारी उद्योग ठरली. पुढची वर्षं कामगारांच्या थकलेल्या पगारांच्या आणि जमीन विकायच्या बातम्यांची. कोविडमध्ये सरकारच्या लक्षात आलं की पेनिसिलिनचा मूळ कच्चा माल आपण बनवतच नाही, मग प्रोत्साहन योजना आली, आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याला त्याचा नवा कारखाना सुरू झाला. जे पिंपरीत १९५५ मध्ये जमत होतं ते परत शून्यातून उभं करायला लागलं, हे मला फार लागतं.

आता कोव्हिशिल्डकडे या. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला आणि ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये सारा गिल्बर्ट यांच्या टीमने लगेच डिझाइन केलं, एप्रिलमध्ये पहिल्या माणसांना टोचलं, ३० डिसेंबरला ब्रिटनमध्ये मंजुरी. लोक म्हणाले घाईघाईत केली. पण चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूवर बेतलेलं, लसीचा जनुकीय संदेश पेशींपर्यंत नेणारं ते वाहन त्याआधी कित्येक वर्षं तयार होत होतं, मर्स नावाच्या आजारासाठी २०१८ मध्ये त्याची माणसांवर चाचणीही सुरू झाली होती. फक्त सामान बदलायचं होतं. त्याच युनिव्हर्सिटीच्या, कोविडवर कुठली औषधं चालतात हे तपासणाऱ्या रिकव्हरी ट्रायलने जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं, आणि माझ्या मते त्याचा बोलबाला लसीइतका व्हायला हवा होता.

पेटंटचा प्रश्न परत आला. ऑक्सफर्डने सुरुवातीला सगळ्यांना लायसन्स खुलं ठेवायची भाषा केली, मग अ‍ॅस्ट्राझेनेकाशी करार केला, महामारी असेपर्यंत नफा नाही या अटीवर. तिथून सीरम. १९६६ पासून पुण्यात लसी बनवणाऱ्या या कंपनीने निकाल यायच्या आधीच डोस बनवून साठवायला घेतले, आणि १२ जानेवारी २०२१ ला पहाटे नारळ फोडून पहिले ट्रक सीरमच्या पुण्यातल्या मांजरीच्या कारखान्यातून निघाले. १६ तारखेला देशभर लसीकरण सुरू. रक्तात गुठळ्या होण्याचा दुर्मीळ साइड इफेक्ट नंतर समोर आला, तोही खरा आहे आणि तो लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही, पण त्या वर्षी ज्यांनी घरातलं माणूस गमावलं त्यांना विचारा की डोस चार महिने आधी आले असते तर काय झालं असतं.

आणि ती लस कशात बनली? टाकीतच. बुरशीच्या जागी पेशी, पण निर्जंतुक हवा, ढवळणं, तापमान, आम्ल सांभाळणं, सगळं तेच.

ऑक्सफर्ड आणि पुणे यांची जोडी नंतरही चालू राहिली. जेनर इन्स्टिट्यूटची मलेरियाची आर-२१ लस सीरम बनवते, तिच्यात चिलीतल्या एका झाडाच्या सालीपासून काढलेला घटक लागतो. २ ऑक्टोबर २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली, आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या लहान मुलांना ती द्यायला सुरुवात झाली. त्या कुप्या पुण्याहून गेल्या होत्या.