स्पॉकच्या लकबी

स्पॉकच्या लकबी : 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञानमालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ३ जून १९६९ ला ७९ भागांनंतर संपली. त्यातला अंतराळयानावरचा विज्ञान अधिकारी मिस्टर स्पॉक (बाप व्हल्कन ग्रहावरचा, आई पृथ्वीवरची) जे हातवारे, चेहऱ्याच्या ठेवणी आणि ठरावीक शब्द वापरतो त्यांना मिळून हे नाव. ठळक म्हणजे बोटं फाकवून केलेला सलाम, मानेचा चिमटा (मान दाबून समोरच्याला बेशुद्ध करणं), एक भुवई वर चढवणं आणि 'फॅसिनेटिंग' हा शब्द. भूमिका लेनर्ड निमॉयची (१९३१–२०१५). पात्र मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीचं खरं, पण यातल्या बहुतेक लकबी कागदावरून आलेल्या नाहीत, सेटवर निमॉयकडून आल्या, आणि म्हणूनच कुठली लकब नक्की कधीची हे ठरवताना घोळ होतो.

सलाम पहिल्यांदा दिसतो तो 'अमॉक टाइम' या भागात, प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९६७. तळवा समोर, तर्जनी आणि मधलं बोट चिकटलेलं, अनामिका आणि करंगळी चिकटलेली, मध्ये फट, अंगठा बाजूला. स्पॉक लग्नाच्या विधीसाठी स्वतःच्या ग्रहावर जातो तिथे व्हल्कन लोक एकमेकांना भेटल्यावर काहीतरी करत असतील ना, आपण हस्तांदोलन करतो तसं, असं निमॉयने सुचवलं आणि लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पाहिलेली खूण पुढे केली. ज्यू पुरोहित, म्हणजे कोहेन लोक, आशीर्वाद देताना डोक्यावरून शाल घेतात, शालीआड हात अशा फाकवलेल्या बोटांनी पुढे धरतात, आणि बाकीच्यांनी त्या वेळी बघायचं नसतं. वडिलांनी बघू नको सांगितलं आणि पोराने बघितलं, ही हकिगत निमॉयने स्वतः अनेकदा सांगितली आहे. बोटांचा आकार हिब्रू 'शिन' या तीन फाट्यांच्या अक्षराचा, आणि 'शद्दाय' या देवाच्या नावाचं ते पहिलं अक्षर. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल (आपल्याकडचे 'शनवार तेली') घरांच्या चौकटीवर मेझुझा (आत धर्मवचनांची गुंडाळी असलेली छोटी डबी) लावलेली असते, तिच्यावरही सहसा हेच अक्षर असतं, तेव्हा मराठी वाचकाला ते अगदीच परकं नसावं.

उगम एवढा स्पष्ट असूनही एक फरक राहतो. मूळ आशीर्वाद दोन्ही हातांचा, सलाम एका हाताचा. त्यामुळे काहींनी 'ज्यू आशीर्वादच टीव्हीवर आला' असं सरसकट लिहिलंय ते थोडं ढिलं वाटतं. आकार घेतला, विधी नाही, हे म्हणणं जास्त बरोबर.

हा हात सगळ्यांना जमत नाही, आणि हा प्रश्न बुद्धीचा नाही, शरीररचनेचा आहे. बोटं एकमेकांपासून लांब नेणारे आणि जवळ आणणारे छोटे स्नायू तळहाताच्या हाडांच्या मधे असतात. सलाम करताना मधलं बोट तर्जनीकडे ओढायचं, अनामिका त्याच्यापासून दूर न्यायची, आणि त्याच वेळी तर्जनी आत आणि करंगळीही आत धरून ठेवायची, म्हणजे वरच्या थरातले दोन आणि खालच्या थरातले दोन असे चार स्नायू एकदम पण वेगवेगळ्या दिशांना. या सगळ्यांना पुरवठा एकाच अल्नर नर्व्हचा, कोपर आपटल्यावर जी झिणझिणते तीच. रोजच्या कामात आपण ही जुळणी कधी वापरतच नाही, म्हणून पहिल्यांदा करताना अनामिका मधल्या बोटामागे पळते आणि करंगळी एकटीच बाहेर राहते. टेबलावर तळवा सपाट ठेवून सवय केली तर बहुतेकांना जमतं, डाव्या हाताला थोडा जास्त वेळ लागतो (प्रस्तुत लेखकाला लागला). 'अमॉक टाइम'मध्ये टी'पाव या वृद्ध व्हल्कन स्त्रीचं काम करणाऱ्या सेलिया लोव्हस्कीलाही आपोआप जमत नव्हतं, कॅमेऱ्याबाहेर दुसऱ्या हाताने बोटं बसवून मग हात वर केला असं सांगतात.

सलामाबरोबरचं वाक्य 'लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर' त्याच भागातलं, लेखक थिओडोर स्टर्जन. प्राचीन इजिप्तमध्ये राजाच्या नावापुढे 'आयुष्य, भरभराट, आरोग्य' अशा अर्थाचं सूत्र लिहायचे त्याच्याशी याचं नातं लावतात, बायबलातल्या ओळीही दाखवतात, पण दीर्घायुष्य आणि बरकत मागणं ही जगभरातल्या आशीर्वादांची साधी गोष्ट आहे, आपल्याकडे 'औक्षवंत हो' म्हणायला कोणाला इजिप्तला जावं लागलं नाही. गंमत म्हणजे टी'पाव हे वाक्य म्हणते तेव्हा स्पॉकचं उत्तर असतं की मी यातलं एकही करणार नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने नुकतंच स्वतःच्या कॅप्टनला, कर्कला, मारलेलं असतं.

मानेच्या चिमट्याच्या तारखेवरून जास्त गोंधळ आहे. टीव्हीवर तो आधी दिसला 'द नेकेड टाइम'मध्ये, २९ सप्टेंबर १९६६, तलवार घेऊन ब्रिजवर (यानाच्या नियंत्रणकक्षात) आलेल्या सुलू या यानचालकाला स्पॉक आडवा करतो तेव्हा. 'द एनिमी विदिन' एक आठवडा नंतर, ६ ऑक्टोबरला. म्हणून काही याद्यांमध्ये सुलूचा मान पहिला. पण चित्रीकरणाच्या क्रमाने 'द एनिमी विदिन' पाचवा आणि 'द नेकेड टाइम' सातवा, आणि चिमटा तयार झाला तो पाचव्यासाठी. त्या भागात कर्कचे दोन होतात, त्यातल्या दुष्ट कर्कला स्क्रिप्टप्रमाणे स्पॉकने मागून येऊन फटका मारायचा होता, निमॉयला ते काउबॉयपटातलं वाटलं, एवढा सुसंस्कृत प्राणी डोक्यात मारणार नाही असं त्याचं म्हणणं. त्याने दिग्दर्शक लिओ पेनला मान आणि खांदा जुळतात तिथे बोटं रुतवायची कल्पना दाखवली आणि कर्कचं काम करणारा विल्यम शॅटनर असा काही ताठ होऊन कोसळला की विषय संपला. श्रेय शॅटनरलाही द्यायला हवं, कारण चिमट्यात निम्मं काम पडणाऱ्याचं असतं. चित्रीकरणाचा क्रम धरणं हेच योग्य वाटतं. पुढे स्क्रिप्टमध्ये वर्णन करायचा कंटाळा येऊन 'एफएसएनपी', म्हणजे 'फेमस स्पॉक नर्व्ह पिंच', एवढंच लिहायचे म्हणे. माणसाच्या त्या जागी ट्रॅपिझियस स्नायू असतो, जोरात दाबलं तर दुखतं, शुद्ध हरपत नाही.

'फॅसिनेटिंग'चंही तसंच. 'द कॉर्बोमाइट मॅन्युव्हर' प्रक्षेपित झाला १० नोव्हेंबर १९६६ ला, पण नियमित मालिकेचा सर्वात आधी चित्रित झालेला भाग तोच. ब्रिजवर सगळे हादरलेले, आणि निमॉयच्या वाट्याला फक्त एक शब्द. तोही इतरांसारखाच जोरात म्हणायला निघाला तेव्हा दिग्दर्शक जोसेफ सार्जंटने सांगितलं की तू वेगळा हो, वैज्ञानिकासारखा अलिप्त राहून बोल. स्पॉक तिथे सापडला असं निमॉय म्हणायचा, आणि ते पटतं, कारण आधीच्या दोन पायलटमध्ये (वाहिनीला दाखवायच्या नमुना भागांमध्ये) हाच स्पॉक चक्क ओरडतो, पहिल्यात तर परग्रहावरची गुणगुणणारी पानं बघून दात दाखवून हसतो. त्या पायलटमध्ये थंड डोक्याची अधिकारी ही 'नंबर वन' नावाची बाई होती, वाहिनीने ती नाकारल्यावर तिचा थंडपणा स्पॉककडे आला. पुढे 'द स्क्वायर ऑफ गॉथॉस'मध्ये (जानेवारी १९६७) स्पॉक स्वतःच नियम सांगतो, 'फॅसिनेटिंग' अनपेक्षित गोष्टीसाठी, एरवी 'इंटरेस्टिंग' पुरे.

भुवई हा त्याच शब्दाचा मुका भाऊ. चेहरा मख्ख ठेवला की छोटी हालचालही मोठी दिसते, हे आपण हॅरी बेलाफॉन्टेला मंचावर स्तब्ध उभं राहून गाताना बघून शिकलो असं निमॉयने लिहिलंय. मराठीत भुवया उंचावतात त्या दोन्ही आणि बहुतेक वेळा लोकांच्या, स्पॉकची एकच. बाकी हात पाठीमागे बांधून उभं राहणं, डॉक्टर मॅकॉयचे टोमणे कौतुक समजून घेणं, आणि दशांशापर्यंत शक्यता सांगणं. 'एरंड ऑफ मर्सी'मध्ये तिथून सुटायची शक्यता विचारल्यावर आधी 'नेमकं सांगणं अवघड' म्हणतो आणि मग साधारण ७,८२४.७ विरुद्ध १ असा आकडा देतो, त्यातला 'साधारण' खरा बघण्यासारखा.

भारतात मूळ मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. कॅनडात पाच डॉलरच्या जुन्या नोटेवरच्या पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांना पेनने टोकदार कान आणि तिरक्या भुवया काढायची टूम होती, तिला 'स्पॉकिंग' म्हणत, बँक ऑफ कॅनडाने ते बेकायदा नाही पण बरं दिसत नाही असं सांगितलं होतं. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत सलामाचा इमोजी आला. २७ फेब्रुवारी २०१५ ला निमॉय गेल्यावर अंतराळ स्थानकातून टेरी व्हर्ट्सने खिडकीपाशी हा हात धरून फोटो टाकला, आणि हातामागे खाली बॉस्टन होतं.