युनिटेरियन मत: बायबल, सुरुवातीची ख्रिस्ती शिकवण आणि मराठवाडा

युनिटेरियन म्हणजे असे ख्रिस्ती जे म्हणतात की देव एकच आहे आणि तो म्हणजे पिता. येशू हा त्याचा पुत्र, त्याने पाठवलेला मसीहा म्हणजे अभिषिक्त तारणारा, मेलेल्यांतून उठवलेला, पण स्वतः देव नाही, आणि पवित्र आत्मा म्हणजे देवाचंच सामर्थ्य. मराठवाड्यातली मुख्य चर्चेस मात्र त्रैक्य मानतात, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं पण देव एकच, आणि रविवारी उपासनेत सगळे उभं राहून मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतात त्यातही हेच येतं. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे त्रैक्य मानणाऱ्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, त्यामुळे इकडं ख्रिस्ती धर्म आला तोच त्रैक्यासकट आला.

लहानपणी मला एकांनी त्रैक्य समजावताना दत्ताच्या मूर्तीकडं बोट दाखवलं होतं, तीन तोंडं अंग एक, तसंच हे. पटकन पटतं, पण एकच देव तीन रूपं घेतो हे मत साबेलियसच्या नावाने ओळखलं जातं आणि चर्चनेच ते तिसऱ्या शतकात चूक ठरवलंय, म्हणजे उदाहरण देणाऱ्याला पत्ताच नसतो की आपण त्रैक्य सोडून भलतंच शिकवतोय.

युनिटेरियन लोकांचा खरा आधार बायबलच. मार्कच्या शुभवर्तमानात १२ व्या अध्यायात एक शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, तर येशू जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं ६:४ हे वचन म्हणतो, हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर एकच आहे. शास्त्री म्हणतो बरोबर, त्याच्याशिवाय दुसरा कोणी नाही, आणि येशू त्याला शाबासकी देतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. इथं येशूने यहुदी माणसाच्या देवाबद्दलच्या समजुतीत काही भर घातली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दुसरी जागा स्तोत्र ११०:१. माझी आजी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायची, परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, माझ्या उजवीकडे बस. हा प्रभू म्हणजे मसीहा असं ख्रिस्ती मानतात. इंग्रजीत दोन्हीकडं लॉर्ड येतं, फक्त एक मोठ्या अक्षरात छापतात, पण मराठीत परमेश्वर वेगळा आणि प्रभू वेगळा हे कानालाच कळतं. मूळ हिब्रूत दुसरा शब्द अदोनी आहे, माझा धनी अशा अर्थाचा, माणसाला म्हणायचा, दावीद शौल राजाला हाक मारतो तोच. त्रैक्यवादी म्हणतात की हिब्रूतल्या स्वरखुणा, ज्यांवरून हे अदोनी की देवासाठीचं अदोनाय ते ठरतं, फार नंतर घातल्या, त्यावर एवढा भार टाकू नका, आणि हा मुद्दा हलका नाही. पण नव्या करारात प्रेषितांची कृत्ये २ मधे येशूचा शिष्य पेत्र हेच स्तोत्र सांगून पुढं म्हणतो की देवाने येशूला प्रभू आणि ख्रिस्त केलं. केलं, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी ते पद दिलं.

मग त्रैक्य आलं कुठून तर हळूहळू. लॅटिनमधे त्रिनितास हा शब्द साधारण इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक वापरतो, आणि त्याच्यानंतरचा धर्मपंडित ओरिगेन पुत्राला पित्याच्या खालीच ठेवतो. आलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस म्हणाला पुत्र कधीकाळी नव्हता, त्याला देवाने निर्माण केलं, आणि भांडण इतकं पेटलं की कॉन्स्टंटाईन या रोमन बादशहाने ३२५ मधे निकियाला बिशपांची परिषद बोलावली, तिथं पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा असं ठरलं. तिथं मिटलं नाही, निकियाच्या ठरावाच्या बाजूच्या बिशप अथनासियसलाच ५ वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि पवित्र आत्म्याबद्दलचं कलम ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलमधे पक्कं झालं. एरियस आणि आजचे सगळे युनिटेरियन एकच समजू नका, बरेच युनिटेरियन मानतात की येशू मरीयेच्या पोटी येण्याआधी नव्हताच.

पुढं त्रैक्य नाकारणारी माणसं जिवावर उदार होऊन बोलली. स्पॅनिश विद्वान मिखाएल सर्वेटसला २७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हात जाळलं. ट्रान्सिल्व्हेनियात (आजच्या रोमानियात) युनिटेरियन बिशप फेरेन्स दाविद १५७९ मधे कैदेत मेला.

भारतात राममोहन रॉय आणि सेरामपूरचे मिशनरी मार्शमन यांचा १८२० नंतरचा वाद याच विषयावरचा, आणि मेघालयातल्या खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मधे युनिटेरियन मंडळी सुरू केली जी आजही आहे. मराठी माणसाला जवळचं नाव म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे, ते १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला युनिटेरियन लोकांच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ख्रिस्ती मात्र झाले नाहीत, प्रार्थना समाजाचंच काम केलं.

अडचणीची वचनंही आहेतच. योहान १:१ मधे शब्द देव होता असं येतं. मराठीत शब्द पुल्लिंगी म्हणून पुढं सगळीकडं तो तो येतं आणि वाचणाऱ्यापुढं माणूसच उभा राहतो, तिथं वाणी असं भाषांतर असतं तर ती आलं असतं आणि देवाचं बोलणं, त्याचा मनसुबा, हाच अर्थ आधी सुचला असता. ग्रीक लोगोसही पुल्लिंगीच, म्हणून व्याकरणावरून कुठल्याच बाजूचा निकाल लागत नाही. त्याहून अवघड योहान २०:२८, शिष्य थोमा उठलेल्या येशूला माझा प्रभू माझा देव म्हणतो. युनिटेरियन त्याच अध्यायातलं १७ वं वचन पुढं करतात, तिथं उठलेला येशू मग्दालीया मरीयेला (आई मरीया नव्हे) सांगतो की मी माझ्या देवाकडं आणि तुमच्या देवाकडं वर जातो, आणि मग ३१ वं, जिथं योहान स्वतः सांगतो हे कशासाठी लिहिलं, येशू हा देवाचा पुत्र ख्रिस्त आहे असा तुम्ही विश्वास धरावा म्हणून.