वजावट आत जाताना, कर बाहेर पडताना

जानेवारी उजाडला की पगारदारांकडे गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात आणि पीपीएफची पावती, विम्याचा हप्ता, मुलांची फी, घरकर्जाचं प्रमाणपत्र यांची जमवाजमव सुरू होते. मध्यमवर्गातले बरेच जण गुंतवणूक शिकले ते याच धावपळीत. परतावा किती, हा प्रश्न नंतरचा. आधी ‘एटी सी’मध्ये, म्हणजे आयकरात वजावट देणाऱ्या कलम ८०सीमध्ये, बसतं का ते बघायचं.

२००५ च्या अर्थसंकल्पापर्यंत कलम ८८ होतं. त्यात गुंतवणुकीच्या ठरावीक टक्के रक्कम थेट करातून कमी व्हायची. २००२ पासून उत्पन्न जास्त तशी सवलत कमी झाली, पाच लाखांच्या वर काहीच नाही. ८०सीने हे उलटं केलं. एक लाखापर्यंतची रक्कम उत्पन्नातूनच वजा होऊ लागली, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे तीस हजार वाचले आणि १० टक्केवाल्याचे दहाच. योजनांमधले छोटे कोटेही गेले. ईएलएसएसवर, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या करबचत म्युच्युअल फंडांवर, आधी दहा हजारांची मर्यादा होती, आता पूर्ण लाख तिथे टाकता येऊ लागला, तोही पीपीएफच्या पंधराऐवजी तीनच वर्षं पैसे अडकवून. त्यातच १ ऑक्टोबर २००४ पासून शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त झालेला होता.

आत जाताना वजावट, वाढताना कर नाही, काढताना कर नाही. बचतदाराला याची सवय लागली. काढताना कर लावावा हा विचार सरकारी कागदांत २००५ पासूनच होता, पण हात घातला गेला तो २९ फेब्रुवारी २०१६ ला. १ एप्रिल २०१६ नंतरच्या ईपीएफ (नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी) वर्गणीतून साठलेल्या रकमेपैकी ४० टक्केच करमुक्त राहतील. उरलेल्या ६० टक्क्यांतून पेन्शन देणारी ॲन्युइटी घेतली नाही तर त्यावर कर, असा प्रस्ताव आला. हेतू निवृत्तीचा पैसा एकरकमी उडून जाऊ नये, हा. हेतूत चूक नव्हती. मांडणी मात्र ढिसाळ होती: दुसऱ्याच दिवसापासून खुलासे सुरू झाले. पंधरा हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना धक्का लागणार नाही, मग कर फक्त व्याजावर लावायचा विचार आहे, पीपीएफचा तर संबंधच नाही. ज्याची कपात दर महिन्याला पगारातून आपोआप होते आणि ती नाकारायची सोयही नसते, त्याला मध्येच नियम बदलणं हा विश्वासाचा प्रश्न वाटला. ८ मार्चला प्रस्ताव मागे गेला.

एनपीएसला, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेला, मात्र पैसे काढताना ४० टक्क्यांची सूट मिळाली, आणि पुढे तीच एकरकमी ६० टक्क्यांवर गेली. म्हणजे ईपीएफच्या ज्या साठ टक्क्यांवर कर हवा होता, तेवढेच साठ टक्के शेजारच्या योजनेत करमुक्त ठरले! यात कुणाला तर्क सापडला तर सापडो.

त्यानंतर सरकारने समोरून धडक दिली नाही, कडेकडेने पोखरलं. २०१८ मध्ये शेअरच्या एक लाखावरील नफ्यावर १० टक्के कर परतला. जुलै २०२४ मध्ये दर साडेबारा टक्के झाला, सूट सव्वा लाख. २०२१ मध्ये कर्मचाऱ्याच्या वर्षाला अडीच लाखांहून जास्त पीएफ वर्गणीवरचं व्याज करपात्र झालं आणि अडीच लाखांवरच्या युलिप (गुंतवणूक जोडलेला विमा) हप्त्याची मॅच्युरिटीही. २०२३ मध्ये वर्षाला पाच लाखांवर हप्ता असलेल्या पारंपरिक विमा पॉलिसींची पाळी आली, शिवाय डेट फंडांच्या (रोख्यांत गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या) नफ्यावर थेट उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागू झाला.

खरी उलथापालथ २०२० च्या नव्या करपद्धतीने केली. दर कमी, पण ८०सी नाही. २०२३ पासून तीच डिफॉल्ट आहे, आणि २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचं नेहमीचं उत्पन्न तिच्यात करमुक्त झालं. जुन्या पद्धतीतली ८०सीची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून जागची हललेली नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ८०सीची जागा कलम १२३ ने घेतली आहे. पीपीएफचं व्याज नव्या पद्धतीतही करमुक्तच आहे, फक्त पैसे भरताना काही हाती लागत नाही. भरताना मिळणारी मोठी वजावट म्हणून उरते ती मालकाच्या एनपीएस वर्गणीची. २०२४ मध्ये खासगी नोकरदारांसाठी तिची मर्यादा वेतनाच्या १० वरून १४ टक्के झाली. पण ती कंपनीने पगाराच्या रचनेत बसवली तरच.