लॅपटॉपच्या पोटातली समई

भाचीचा लॅपटॉप एप्रिलपासून रखडायला लागला. दुकानदाराने ‘व्हायरस आहे’ म्हणून फॉरमॅट मारला, पैसे घेतले. आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मे महिन्यात मी अकोल्याला गेलो तेव्हा तिने तो माझ्यापुढे ठेवला. मी एकच विचारलं, सुरू केल्याबरोबर रखडतो की थोड्या वेळाने? “पहिली दहा मिनिटं झकास चालतो. मग पंखा घरघरतो आणि माऊस हलवला तरी काही हलत नाही.” निदान तिथेच अर्धं झालं. सुरुवातीला ठीक आणि तापल्यावर संथ, हे उष्णतेचं लक्षण.

जोरात काम करणारा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपची मुख्य चिप, सहज 30 वॉट उष्णता टाकतो, तीही जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून. हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ साधारण 200 चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चिप इस्त्रीच्या चौपट उष्णता ओतते. तापमान 100 अंशांच्या आसपास गेलं की जळून जाऊ नये म्हणून ती आपला वेग आपणच घटवते. तिला तसं शिकवलेलंच असतं.

ही उष्णता पंख्यापर्यंत नेते ती चपटी तांब्याची नळी, म्हणजे हीट पाइप. मला लॅपटॉपमधली सगळ्यात सुंदर वस्तू हीच वाटते. ती भरीव नसते. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून ती कायमची बंद केलेली असते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर उकळतं. इथे उलट, दाब इतका कमी की 40 अंशांनाही पाण्याची वाफ होते. चिपकडच्या टोकाला वाफ होताना प्रत्येक ग्रॅम पाणी दोन हजारांहून जास्त ज्यूल उष्णता गिळतं. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. गरम टोकाला वाफेचा दाब किंचित जास्त असतो, म्हणून वाफ पंख्याजवळच्या थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि गिळलेली सगळी उष्णता सोडते.

आता हे पाणी परत कसं जातं? नळीच्या आतून तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेलं सच्छिद्र अस्तर असतं. समईत तेल वातीतून वर चढतं, तसंच पाणी या छिद्रांतून केशाकर्षणाने मागे खेचलं जातं. अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी बनवली ती अंतराळातल्या अणुऊर्जा यंत्रांसाठी. तिथे पाणी उताराने परत येणार नाही, पण वातीला उतार लागतच नाही. उष्णता फारच वाढली तर मात्र अस्तराला पाणी पुरवणं झेपत नाही, गरम टोक कोरडं पडतं आणि उरते नुसती पोकळ नळी.

म्हणून हाताने तपासा. झरोक्यातून वारा कमी पण कढत येत असेल, तर पंख्यापुढच्या जाळीत धूळ अडकली आहे. वारा भरपूर पण गार, आणि चिप मात्र तापलेली, तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. बहुधा चिप आणि तांब्यामधली फट भरणारा उष्णतावाहक लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळली आहे. मधल्या फटीत शिरलेली हवा तांब्यापेक्षा सुमारे 15 हजार पट वाईट वाहक असते.

‘रेडिएशन आणि उष्णता शोषणारे’ स्टिकर विकतात, ते घेऊ नका. शोषलेली उष्णता शेवटी हवेतच टाकावी लागते, ती टाकायला स्टिकरला वाट नाही. लिंबू-मिरचीने जितका लॅपटॉप गार होईल, तितकाच याने.

आम्ही चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवली. (बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला वाटला, तर तिला दाबू-टोचू नका, थेट जाणकाराकडे न्या.) पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारला, कारण वाऱ्याने ते भरधाव फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं. जाळीवरून चिमट्याने एक करडा थर अख्खा निघाला, जाड कापडासारखा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी लावली. आधी 97 अंश दाखवणारा आकडा त्याच कामाला 74 वर थांबला.

त्या करड्या थरात निळे धागे होते. भाची गोधडीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करते, झरोके खालच्या बाजूला. आता गोधडीवर आधी पाट येतो, मग लॅपटॉप.