दलाली व्यवस्थापकाच्या खिशातून जात नाही

अमेरिकेतल्या सरकारी पेन्शन फंडांबद्दल एक समज जुना आहे: शेअर दलालाचं कमिशन गुंतवणूक व्यवस्थापक आपल्या फीमधूनच भरतो. साफ चूक. ते फंडाच्या पैशातून जातं. खरेदीत किमतीत मिसळतं, विक्रीत आलेल्या रकमेतून वजा होतं, म्हणून बहुतेकदा खर्चाच्या रकान्यात वेगळं दिसतच नाही. समजा, शेअरमागे 2 सेंट आणि सौदा 10 लाख शेअरचा: झाले 20,000 डॉलर. 1 मे 1975 ला कमिशनचे ठरावीक दर संपले खरे, पण त्याच वर्षी अमेरिकेच्या शेअर बाजार कायद्यात आलेल्या कलम 28(ई)नं संशोधनाच्या बदल्यात जादा कमिशन देण्याची मुभा दिली. (संशोधन व्यवस्थापकाला, बिल फंडाला!) विश्वस्तांनी म्हणूनच दलालनिहाय कमिशन आणि त्याबदल्यात काय मिळालं, याचा हिशेब मागायचा असतो.