बिअरच्या चोथ्यातले फायबर आणि तळटीपेतला आकडा

बिअर कारखान्यातून निघणाऱ्या चोथ्याला, म्हणजे अर्क काढून उरलेल्या बार्लीला, संशोधनाच्या कागदांत सर्रास 'टाकाऊ' म्हटले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास म्हशी सांभाळणाऱ्या माणसाला ते पटणार नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्याच्या भोवती दुभत्या जनावरांना पेंडीच्या जोडीला स्वस्तात मिळणारा हा खुराक आहे, आणि कडबा महागला की त्याची मागणी आणखी वाढते. त्यातून माणसासाठी फायबर काढायची चर्चा सुरू होते, तेव्हा या चोथ्याला आधीच गिऱ्हाईक आहे हे लक्षात ठेवावे लागते.

100 लिटर बिअरमागे साधारण 20 किलो ओला चोथा निघतो. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत आंबतो आणि लांब नेणे परवडत नाही. वाळवून पाहिले तर निम्म्याहून अधिक भाग तंतुमय आणि सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनांचा. बार्लीतले पिष्ट बिअरसाठी आधीच निघून गेलेले असते. ती पायरी 65 ते 75 अंशांच्या पाण्यात होते आणि एवढ्या उष्णतेला टरफलातले तंतू दाद देत नाहीत.

ते सुटायला बरेच जास्त तापलेले पाणी लागते. लाकडाच्या उद्योगाला हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत होते. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर काड-पेंढ्यापासून इंधन करण्याच्या धडपडीत हीच पद्धत पुन्हा वर आली, पण तेव्हा लक्ष सेल्युलोजवर, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या चिवट तंतूवर होते. पाण्यात विरघळून जाणारा भाग ही अडचण समजली जाई. 1980 च्या दशकात जपानमध्ये मक्याच्या कणसाच्या गाभ्यातून मिळणाऱ्या अशाच विरघळणाऱ्या छोट्या साखळ्या (साखरेचे काही रेणू एकमेकांना जोडलेले) आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य म्हणून विकल्या जाऊ लागल्या, आणि नजर बदलली. बिअरच्या चोथ्यावर 150 ते 190 अंशांच्या पाण्याचे पद्धतशीर प्रयोग पोर्तुगालमध्ये झाले ते या शतकाच्या सुरुवातीला.

घरचा कुकर सुमारे 120 अंशांवर थांबतो. 180 अंशांचे पाणी द्रवरूपात ठेवायचे तर हवेच्या दाबाच्या जवळपास दहापट दाब लागतो. बाहेरून आम्ल घालावे लागत नाही, ही या पद्धतीची खरी खुबी. टरफलातल्या अरबिनोझायलान या साखरेच्या लांब साखळ्यांच्या घटकाला चिकटलेले अॅसिटिल गट उष्णतेने सुटतात, त्यांचे अॅसिटिक आम्ल होते आणि तेच पुढे लांब साखळ्या तोडते. वेळ किंवा तापमान कमी पडले तर माल चोथ्यातच अडकून राहतो. जास्त झाले तर साखळ्यांची सुटी साखर आणि साखरेचे फरफ्युराल हे नको असलेले रसायन होते, रंग काळपट पडतो, चव जळकी येते.

थोडक्यात, जितके तापवाल तितके जास्त विरघळते आणि तितकेच जास्त तुटते. प्रश्न असा की किती तुटलेल्या साखळीला फायबर म्हणायचे? प्रक्रियेचे गणित रसायनशास्त्राइतकेच या एका उत्तरावर अवलंबून आहे, पण तांत्रिक अहवालांत त्याला एखादे वाक्य मिळाले तर मिळते.

1985 पासून प्रचलित झालेल्या मोजणीत नमुन्यात चौपट अल्कोहोल घालून जे खाली बसेल ते फायबर धरले जाई. छोट्या साखळ्या अल्कोहोलमध्ये विरघळलेल्याच राहत, म्हणून त्या हिशेबात येतच नसत. पचत नसूनही त्या कागदावर फायबर नव्हत्या. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाची व्याख्या ठरली. दहा किंवा अधिक साखर-एककांची, लहान आतड्यात न पचणारी साखळी म्हणजे फायबर, असे त्यात म्हटले आणि तीन ते नऊ एककांचे काय करायचे ते तळटीप लिहून प्रत्येक देशावर सोपवले. युरोपने त्याआधीच, 2008 मध्ये, तीनपासून पुढचे सगळे धरले होते. अमेरिकेनेही 2016 च्या नियमात तीनच धरले, पण एक अट घातली: धान्यात मुळातच असलेले फायबर विनातक्रार मान्य, मात्र वेगळे काढलेले असेल तर त्याचा शरीराला उपयोग सिद्ध करायचा. अरबिनोझायलानला तिथे 2018 मध्ये हिरवा कंदील मिळाला. दोन एककांची साखळी मात्र यांपैकी कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

ही तळटीप म्हणजे तडजोड होती, आणि ती महागात पडली असे माझे मत आहे. तोच चोथा, तीच टाकी, पण तापमान दहा-वीस अंशांनी वाढवले की मालाचा एक भाग एका देशात फायबर ठरतो आणि दुसऱ्यात ठरत नाही. चोथा नुसता वाळवून दळला तर त्यातले फायबर मूळचेच राहते, ना पुरावा मागितला जातो ना दाब लागतो. म्हणूनच गेल्या दशकभरात परदेशात चोथ्याचे पीठ पावात आणि बिस्किटांत पोचले आणि गरम पाण्याचा अर्क मागे राहिला. आपल्याकडे 2018 च्या नियमांनुसार घन पदार्थात 100 ग्रॅमला 3 ग्रॅम फायबर असेल तर 'फायबरयुक्त' आणि 6 ग्रॅम असेल तर 'भरपूर फायबर' असा दावा करता येतो. पीठवाल्याला ही पातळी गाठणे जड नाही.

मराठवाड्यात यावर पाण्याची बाजू चढते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते, जायकवाडी मृतसाठ्यात होते आणि न्यायालयाच्या आदेशाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी 50 आणि मग 60 टक्के कपात झाली. त्या उन्हाळ्यानंतर इथे कुठल्याही नव्या प्रक्रियेबद्दल पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. ओल्या चोथ्यात स्वतःचे पाणी भरपूर असते, त्यामुळे तो न वाळवता थेट दाबाच्या टाकीत घालता येतो. वाळवणीचे इंधनही वाचते. या मुद्द्यावर पिठापेक्षा गरम पाणी सरस ठरते, पण अर्क आटवायला आणि टाक्या धुवायला जे लागते ते वेगळे.

आणि टाकीतून बाहेर पडलेला उरलेला चोथा? त्यातून सहज सुटणारा भाग निघून गेलेला असतो. म्हैस रवंथ करून जे पचवते त्यात तोच भाग मोठा असतो. मागे सेल्युलोज, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, न पचणारा घटक) आणि काही प्रथिने उरतात. कारखान्याने असा चोथा गोठ्यावर जुन्याच भावाने पाठवला, तर फायबरची किंमत दूधवाला मोजणार.